न वाचता दिलेलं पुस्तक

मी एक पुस्तक बोलतोय. नाव मात्र विचारू नका. कुंभार पिंपळगावात ते अजून काही जणांच्या तोंडी आहे, आणि चांगल्या कारणानं नाही. मी पातळ आहे, मुलांसाठीचा आहे, अंगावर रंगीत चित्रं आहेत. पाठीमागच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलंय, 'वयोगट ८ ते १०'. त्या एका ओळीवर विश्वास ठेवून मला एका मुलीच्या हातात दिलं गेलं. पुढं जे झालं ते आठवलं, की आजही वाटतं, कपाटात तोंड भिंतीकडं करून उभं राहावं.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. शाईचा वास अंगाला असतानाच मला गठ्ठ्यात बांधलं. कापणीच्या वेळी मशीन जरा सरकलं असावं, कारण माझी मधली दोन पानं कडेला एकमेकांना चिकटलेलीच राहिली. तसाच मी जालन्याला आलो आणि तिथून कुंभार पिंपळगावच्या वाचनालयात.

माझ्या पोटातली गोष्ट एका मुलीची आहे. तिची आई आजारी पडते. घरातले सगळे तिला सांगत राहतात, आई दवाखान्यात आहे, बरी होऊन येईल. मग मधल्या पानावर तिचा मामा तिला विहिरीच्या काठावर बसवतो आणि खरं काय ते सांगतो. उरलेल्या अर्ध्या पुस्तकात ती मुलगी हळूहळू सावरते, शेवटच्या चित्रात तर हसतेसुद्धा. लिहिणाऱ्या बाईंनी फार मायेनं लिहिलंय. मला स्वतःबद्दल थोडा अभिमान होता, तो आता सांगतानाही ओशाळायला होतं.

वाचनालय म्हणजे बाजारतळाच्या कडेची एक लांबट खोली. ते सांभाळायची सुरेखाताई. घनसावंगीहून रोज टेम्पोनं यायची, कुलूप काढायची, झाडून घ्यायची, वर्तमानपत्रं मांडायची. मनानं चांगली बाई. लहानपणी हातात पडेल ते वाचणारी. पण लग्न झालं, मुलं झाली, सासूचं दुखणं आलं आणि वाचणं मागं पडलं. पुस्तकांच्या खोलीत दिवसभर बसून तिनं कित्येक वर्षांत एक पुस्तक पुरं केलं नव्हतं. हे ती कुणाला सांगणार? वाचनालयाची बाईच वाचत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील!

मग जालन्याच्या एका शिबिरात तिला एक तोड सापडली. वयानुसार पुस्तकं. तिनं कपाटांना रंगीत पट्ट्या चिकटवल्या. अगदी लहानांना पिवळी, आठ ते दहाला हिरवी, त्यापुढच्यांना निळी, मोठ्या माणसांना लाल. कुणी दारात आलं की ती विचारायची, "वय किती?" उत्तर आलं की हात बरोबर त्या कप्प्यावर जायचा. "हे घे. फार छान आहे. वाचच."

छान आहे हे तिला कसं कळायचं? पाठीमागचा मजकूर वाचून. माझाही तेवढाच वाचला होता. 'आई आणि मुलीच्या नात्याची हळुवार कथा' असं तिथं लिहिलंय. बस.

लोकांना ही पद्धत आवडली. कुणीतरी साहेब येऊन बघून गेले, पेपरात फोटो आला. सुरेखाताईनं तो फोटो टेबलाच्या काचेखाली ठेवला. मी हिरव्या कप्प्यातून बघायचो आणि मलाही बरं वाटायचं.

प्रिया आली ती शाळा सुटल्यावर. दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली. ही मुलगी गावात नवी होती. आधी जालन्यात राहायची, कारण तिचे वडील, राजानंद, तिथल्या एमआयडीसीत सळ्यांच्या कारखान्यात कामाला. आई आजारी पडली तेव्हा त्यांनी तिला इथं आजीकडं, गिरिजाबाईकडं आणून सोडलं होतं.

"ताई, मला एक पुस्तक पाह्यजे," ती म्हणाली. "आन माझ्या आईला बी एक."

"वय किती तुझं?"

"नऊ."

"आणि आईचं?"

प्रियानं जरा विचार केला. "तीस असंल."

"वाचता येतं ना त्यांना?"

"येतंय तर! दहावी झालीय ती. दवाखान्यात झोपून झोपून कंटाळली असंल. पप्पा आले की त्यांच्यासंगं पाठवून देते."

कोपऱ्यात काकासाहेब नावाचे म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांनी झटकन मान वर केली, प्रियाकडं बघितलं, सुरेखाताईकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग पुन्हा मान पेपरात घातली.

सुरेखाताई विचारू शकली असती, कुठल्या दवाखान्यात आहेत गं आई? काय झालंय त्यांना? पण तिच्या टेम्पोची वेळ झाली होती. तिनं लाल पट्टीतून एक जाडजूड कादंबरी काढली. "हे आईला दे. बायकांना खूप आवडतं." मग तिचा हात हिरव्या पट्टीकडं आला आणि माझ्यावर थांबला. "आणि हे तुला. फार छान आहे. वाचच."

प्रियानं आम्हा दोघांना छातीशी धरलं. वाटेत ती कादंबरी सारखी वर ठेवत होती, मला खाली. आईचं पुस्तक खराब व्हायला नको म्हणून.

संध्याकाळी गिरिजाबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. प्रिया शेजारी बसून मला मोठ्यानं वाचायला लागली. वाचायची छान, प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा काढून.

"आजी, ही पोरगी बी माझ्यासारखीच हाय. हिची आई बी दवाखान्यात हाय."

गिरिजाबाईंचे हात सुपात थांबले. "बस कर आता. अंधार पडून राह्यला."

"थांब की. अजून दिसतंय मला."

पुढं माझी ती चिकटलेली पानं आली. तिनं नख घालून हळूच ती सोडवली. किती जपून! मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. पण छापलेल्या अक्षराला आपली जागा सोडता येत नाही. ती वाचायला लागली, मामाचा जाडा आवाज काढून. "'बाळा, आम्ही तुला खोटं सांगितलं. तुझी आई आता परत येणार नाही.'"

शेवटचा शब्द तिच्या स्वतःच्या आवाजात आला.

"आजी?"

गिरिजाबाई सूप घेऊन उठल्या. "चुलीवर काय ठेवलंय ते बघते," म्हणाल्या आणि आत गेल्या. चूल पेटवलेलीच नव्हती. प्रियाला ते बसल्या जागेवरून दिसत होतं.

ती रडली नाही. पुढची पानं तिनं मनात वाचली, शेवटपर्यंत. मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी ती पहिलीच. पुस्तकाला याहून मोठं सुख नसतं म्हणतात. मला मात्र त्या पोरीच्या मांडीवर पडून राहायचीसुद्धा लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत न जाता वाचनालयात आली. दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. कादंबरी पुढं सरकवली.

"ताई, हे आईचं परत घ्या. तिला लागणार न्हाई."

सुरेखाताई कपाट पुसत होती. वळून न बघताच हसून म्हणाली, "का गं? एवढ्यात वाचून झालं? का आवडलं नाही?"

"आई वारली."

फडकं सुरेखाताईच्या हातातच राहिलं. "अगं बाई! कधी?"

"कधी ते मला माहीत न्हाई," प्रिया म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्याच्यात हाय. मी आजीला इचारलं तर ती बोलंना. बायका बी मला पाहून गप व्हायच्या. मला आधीच वाटत व्हतं."

एवढं बोलून ती गेली. चपला उलट्या पायांत घालून गेली.

काकासाहेब कोपऱ्यातून उठून आले. हळू आवाजात म्हणाले, "गिरिजाबाईनं हात जोडून सांगितल्तं गावाला, पोरीपुढं काढू नका म्हणून. राजानंदचं पोरीला सांगायचं धाडस हुईना. मी काल तुम्हाला बोलणार व्हतो, पण..."

सुरेखाताईनं दार लोटून घेतलं. खाली जमिनीवर बसली, मला मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मधल्या पानाशी आली तेव्हा तिनं मला एकदा मिटलं आणि पुन्हा उघडलं. शेवटपर्यंत गेली. मग काचेखालचा तो पेपरातला फोटो ओढून काढला आणि उलटा करून ठेवला. तिचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी मलाच तिच्याकडं बघवेना.

ती मला पिशवीत घालून गिरिजाबाईंच्या घरी गेली. म्हातारी दारातच उभी होती.

"तुमी सांगितलं व्हय माझ्या लेकराला?"

"मी नाही आजी, ह्या पुस्तकात..." सुरेखाताईनं मला पिशवीतून बाहेर काढलं आणि माझ्याकडं बोट दाखवता दाखवता तिचा हात खाली आला. "नाही. मीच दिलं ते. मी ते वाचलं नव्हतं."

"वाचलं न्हाई, आन लेकराला देलं?"

ती तशीच उन्हात उभी राहिली. मग गिरिजाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"तुमाला तरी काय बोलू. आमी काय मोठं चांगलं केलं? सुनेचा फोटू गोधड्यांत दडवून ठेवलाय मी. भिंतीला लावला तर पोरीला कळंल म्हणून. रोज गोधडी काढताना फोटू हाताला लागतो. रोज तिची माफी मागते."

राजानंदला फोन गेला. तो दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर जालन्याहून निघाला आणि गावात आल्यावर घरी जायच्या आधी वाचनालयात आला. घरी जायची हिंमत होत नसावी. उंच, वाळलेला माणूस. कारखान्यातल्या तापल्या लोखंडानं हातावर जागोजागी डाग पडलेले. सुरेखाताई उभी राहिली. आता हा आरडाओरडा करणार, असंच तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं.

"कोणतं पुस्तक ते?" त्यानं विचारलं. "पाहू द्या मला."

तिनं मला त्याच्यापुढं ठेवलं. तो बाकावर बसला आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागला. आठ ते दहा वर्षांच्या मुलांचं पुस्तक, एवढा बाप्या माणूस ओठ हलवत वाचत होता. पेपर वाचायला आलेली माणसं बघून न बघितल्यासारखं करत होती. मामाच्या पानावर तो फार वेळ थांबला. त्याच्या बोटाचा घाम माझ्या कागदात मुरला. तो डाग अजून आहे.

"मी रोज फोनवर तिला सांगायचो," तो मला मिटून म्हणाला. "आई झोपलीय. आई औषध घेऊन राह्यली. आईनं तुला इचारलंय. रोज नवीन काहीतरी सांगायचो. फोन ठेवला की माझी मलाच लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

राजानंदनं मला टेबलावर ठेवलं.

"ताई, मोठ्या माणसांसाठी असं काही हाय का? लेकराला कसं सांगावं, असं? माझ्या वयाच्या माणसाला कळंल असं?"

तिनं सवयीनं लाल पट्टीच्या कपाटाकडं बघितलं. तिथं पुस्तकांच्या रांगा होत्या. मी वाट बघत होतो, आता ही एखादं काढणार आणि म्हणणार, फार छान आहे. पण ती म्हणाली, "मला माहीत नाही, दादा. मी त्यातलं काहीच वाचलेलं नाही."

पेपर वाचणाऱ्यांनी पण ऐकलं. तिचं तोंड लालबुंद झालं होतं, तरी ती पुढं बोलली. "एवढं एकच वाचलंय मी. तेही काल. हवं तर हेच घेऊन जा. वाचून दाखवू नका तिला, नुसतं जवळ असू द्या."

राजानंदनं मला शर्टाच्या आत घातलं आणि घरी नेलं.

प्रिया अंगणात पाठमोरी बसली होती. बाप आलेला कळला, तरी तिनं वळून पाहिलं नाही. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. मला मधे ठेवलं. किती तरी वेळ दोघांपैकी कुणी मला हात लावला नाही.

"प्रिया," तो शेवटी म्हणाला, "मी तुला खोटं सांगत गेलो."

"माहीत हाय."

"आई पोळ्याच्या आधीच गेल्ती. दवाखान्यातच. मी जवळच व्हतो."

"मंग मला का न्हाई नेलं?"

राजानंद म्हणाला, "तू रडशील, मंग मला बी रडू येईल, असं वाटलं. मला भ्या वाटलं."

"मी तिच्यासाठी चित्रं देत व्हते तुमच्यापाशी. ती कुठं हाईत?"

"खोलीवर. माझ्या पेटीत."

"तिनं पाह्यली न्हाईत?"

"पहिली दोन पाह्यली. मोराचं आन आपल्या घराचं. मोराला पाय लावायचे तू इसरली, म्हणून हसली ती. बाकीची..."

मग प्रियाला रडू फुटलं. साधंसुधं नव्हे. तिनं बापाच्या दंडावर मुठी मारल्या, मला उचलून अंगणात भिरकावलं. मी तुळशीजवळच्या मातीत उताणा पडलो, पानं वाऱ्यावर फडफडत. बरं झालं, असंच मला वाटलं. राजानंद मार खात बसून राहिला. त्यानं तिचे हात धरले नाहीत.

आतून गिरिजाबाई आल्या. गोधडीतला फोटो त्यांच्या हातात होता, काच पदरानं पुसलेली. कुणालाच न विचारता त्यांनी तो नातीच्या मांडीवर ठेवला. प्रियानं तो खूप वेळ बघितला. मग नाक पुसून म्हणाली, "हिथं कुठं लावायचा ते मी सांगीन." आणि दाराच्या आतल्या बाजूला, झोपताना दिसेल अशी जागा तिनं दाखवली. राजानंदनं खिळा ठोकला. त्या दिवशी तो तिच्याशी बोलायला गेला तर ती आजीच्या मागं सरकली. नंतर कित्येक दिवस त्याचा फोन ती घेत नव्हती. एका रविवारी मात्र ती स्वतःहून गाडीवर मागं बसली आणि जालन्याला जाऊन पेटीतली चित्रं घेऊन आली.

मी वाचनालयात परत आलो, तो मातीचे डाग घेऊन. सुरेखाताईनं मला पुसलं, पण कपाटात ठेवलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलं. पट्ट्या अजून कपाटांवर आहेत, काही निघाल्यात, काही नाहीत. ती आता रोज टेम्पोत काहीतरी वाचते. कुणी पुस्तक मागितलं आणि तिनं वाचलेलं नसलं, तर सरळ सांगते, "मी वाचलं नाही अजून." सुरुवातीला लोक हसले. एक गृहस्थ म्हणाले, मग तुम्हाला इथं बसवलंय कशाला! ती मान खाली घालून म्हणाली, "खरंय तुमचं." ती लाज तिच्या अंगवळणी पडली नाही. पडू नये, असंच मला वाटतं.

प्रिया आता सातवीत आहे. वाचनालयात येते, बसते, मला मात्र कधी मागत नाही.

मागच्या महिन्यात तिच्या वर्गातल्या शीतलचे वडील अपघातात गेले. शीतल शाळेत यायला लागली तेव्हा सुरेखाताईनं खण उघडला, मला काढलं आणि प्रियाला बाजूला बोलावलं. "तूच सांग, हे तिला देऊ का?"

प्रियानं मला हातात घेतलं. फार दिवसांनी तिची बोटं मला लागली. तिनं मधलं पान उघडलं नाही, नुसती माझी पाठ चाचपली.

"आत्ता नका देऊ, ताई. तिला लय हसू येईल असं काहीतरी द्या."

"अगं, पण ह्या वेळी हसायचं पुस्तक..."

"मला तवा कुणी हसवलंच न्हाई. सगळे नुसते जपून बोलायचे. लय दिवस."

सुरेखाताईनं मला टेबलावर ठेवलं. दोघी खाली बसून पुस्तकं काढू लागल्या. लहानांच्या कप्प्यातसुद्धा शोधलं. एका म्हशीची शिंगं झाडात अडकतात आणि सगळं गाव ती सोडवायला येतं, असं एक पुस्तक निघालं. सुरेखाताई म्हणाली, "थांब, आधी मी वाचते." वाचता वाचता ती खुदकन हसली. मग प्रियानं ते हिसकावून घेतलं. दोघी हसत होत्या आणि म्हशीच्या पुस्तकाचं मला खरोखर कौतुक वाटलं.

माझी रवानगी पुन्हा खणात झाली. मला अपमान वाटला नाही. इथं अंधार आहे, खडूचा आणि डिंकाचा वास आहे. मी थांबू शकतो.

वाचकहो, तुमच्याकडं एवढंच मागणं. मला कुणाला द्याल, तर आधी मला वाचा. मग त्या मुलाकडं जरा वेळ नीट बघा. आणि मला पुन्हा खणात ठेवावंसं वाटलं, तर खुशाल ठेवा.